एकमत – पुराव्याचे की संगतीचे?

‘शास्त्रज्ञांचे असे मत आहे की...’ या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये आपल्याला नवी नाहीत. ती वर्तमानपत्रात असतात, भाषणात असतात, आणि फळ्यापाशी उभे राहून शिकवताना आपल्याही तोंडी येतात. ‘शास्त्रज्ञांचे’ हा शब्द आला की वर्ग गप्प होतो. एखाद्या चुणचुणीत मुलीच्या मनात शंका असेल तर तीही मागे सरते. एवढ्या मोठ्या माणसांचे एकमत झाले आहे, तिथे आपण काय विचारायचे?

आमची टीका या शब्दप्रयोगावर आहे. तो खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. तक्रार एवढीच, की तो सर्वांत महत्त्वाचा प्रश्न झाकून टाकतो. हे मत झाले कसे? प्रत्येकाने स्वतंत्रपणे तपासून तेच उत्तर काढले, की एकाने सांगितले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या? गावच्या तंट्यात दहा साक्षीदार उभे राहिले आणि चौकशीत कळले की दहाही जणांनी ती हकीकत एकाच माणसाकडून ऐकली होती, तर पंच त्या दहा साक्षी एकच धरतील. विज्ञानातल्या साक्षींनाही हाच न्याय लावायला हवा.

जमावाचे शहाणपण आणि त्याची अट

इ. स. १९०७ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी ‘नेचर’ या साप्ताहिकात एक गमतीदार हिशेब मांडला. इंग्लंडमधील प्लिमथ येथे जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचे, तो कापून साफ केल्यावर, वजन किती भरेल हे ओळखण्याची स्पर्धा होती. लोकांनी चिठ्ठ्यांवर अंदाज लिहून दिले. वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्या गाल्टन यांनी चढत्या क्रमाने लावल्या. अगदी मधल्या चिठ्ठीवर १,२०७ पौंड असा अंदाज होता. प्रत्यक्ष वजन भरले १,१९८ पौंड. एक टक्क्याहूनही कमी चूक!

यात जादू नाही. कोणी जास्त सांगतो, कोणी कमी. चुका दोन्ही बाजूंना पडतात आणि एकमेकींना खोडतात. मात्र अट अशी की प्रत्येकाची चूक त्याची स्वतःची असली पाहिजे. प्रत्येकाने चिठ्ठी लिहिण्यापूर्वी शेजाऱ्याच्या चिठ्ठीत डोकावले असते, तर सर्वांच्या चुका एकाच बाजूला झुकल्या असत्या.

ही डोकावण्याची सवय किती खोल आहे हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५०च्या दशकात दाखवले. तीन रेघांपैकी कोणती रेघ नमुन्याच्या रेघेएवढी आहे, एवढाच सोपा प्रश्न होता. गटातील बाकीचे सर्वजण आधीच फितवलेले होते आणि ते ठरवून चुकीचे उत्तर देत. एकट्या उरलेल्या माणसाने अशा प्रसंगी सुमारे एक तृतीयांश वेळा डोळ्यांना दिसणारे सोडून गटाचे उत्तर दिले. पण गटात एक जरी माणूस खरे बोलणारा निघाला, तर हे प्रमाण झपाट्याने खाली आले.

पुढे २०११ मध्ये झुरिचच्या तंत्रविद्यापीठातील १४४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना अंदाजाचे प्रश्न विचारले आणि काहींना इतरांचे अंदाज दाखवून आपले उत्तर सुधारण्याची संधी दिली. अंदाज एकमेकांच्या जवळ सरकले. गटाची चूक मात्र कमी झाली नाही. वर विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास वाढला. म्हणजे एकमत वाढले, खात्री वाढली, ज्ञान होते तिथेच राहिले.

शास्त्रज्ञ ही माणसेच आहेत. त्यांना गुरू असतात, सहकारी असतात, नेमणुका आणि अनुदाने असतात. मग त्यांच्या एकमतात संगतीचा भाग किती आणि पुराव्याचा किती? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला परदेशी जाण्याची गरज नाही. प्रश्नाचे एक टोक आपल्या खानदेशात जमिनीतच पुरलेले आहे.

खानदेशातल्या दगडी भिंती

धुळे आणि नंदुरबार हे १९९८ पर्यंत एकाच जिल्ह्याचे भाग होते. या मुलखात शेतांतून, माळांतून सरळ रेषेत धावणारे काळ्या दगडाचे लांबच लांब कणे दिसतात. भूशास्त्रात त्यांना डाईक म्हणतात. जमिनीला पडलेल्या भेगांत तप्त शिलारस घुसला, तेथेच थिजला, आणि आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेल्यावर तो भिंतीसारखा उभा राहिला. २००७ मध्ये आर. रे, हेतू शेठ आणि ज्योतिर्मय मल्लिक यांनी नंदुरबार–धुळे पट्ट्यातील अशा २१० भिंतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची रुंदी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत आहे. सर्वांत लांब भिंत ७९ किलोमीटर आहे.

जळगाव जिल्ह्यात तापीकाठी गाळाच्या मातीखाली हा दगड झाकलेला आहे, पण दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरात आणि उत्तरेला सातपुड्यात तो पुन्हा डोके वर काढतो. आपली कपाशीची काळी माती त्याच दगडाची झीज. हा दख्खनचा बेसाल्ट आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. त्याचा बहुतेक भाग ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास, दहा लाख वर्षांहून कमी काळात बाहेर पडला. आणि नेमक्या याच काळात पृथ्वीवरून डायनोसॉर नाहीसे झाले. पक्ष्यांच्या रूपाने उरलेली त्यांची शाखा तेवढी वाचली.

या दोन घटनांचा संबंध आहे काय? या प्रश्नावर गेली चाळीसहून अधिक वर्षे जो वाद चालला आहे, त्यात शास्त्रज्ञांचे एकमत कसे घडते आणि कसे बिघडते ते उघड्यावर पाहायला मिळते.

एकच खडक, देशोदेशी वेगळे मत

१९८० साली लुई अल्वारेझ, त्यांचे पुत्र वॉल्टर, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी ‘सायन्स’ साप्ताहिकात एक लेख लिहिला. डायनोसॉरांच्या अंताच्या काळातील मातीच्या पातळ थरात इरिडियम हा दुर्मीळ धातू इटलीत नेहमीच्या सुमारे ३० पट, डेन्मार्कमध्ये १६० पट आणि न्यूझीलंडमध्ये २० पट आढळला. पृथ्वीच्या कवचात इरिडियम फार कमी, उल्कांत मात्र भरपूर. तेव्हा सुमारे १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. जवळपास त्याच वेळी अमेरिकेचे ड्यूई मॅकलीन दख्खनच्या ज्वालामुखीतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडकडे बोट दाखवत होते. १९८६ मध्ये फ्रान्सचे व्हिन्सेंट कुर्तिय्यो आणि सहकाऱ्यांनी दख्खनचा उद्रेक थोड्याच काळात, आणि नेमका त्या सीमेच्या आसपास झाला असे मांडले.

१९८५ मध्ये अँटोनी हॉफमन आणि मॅथ्यू निटेकी यांनी वेगवेगळ्या देशांतील जीवाश्मतज्ज्ञ, भूशास्त्रज्ञ व भूभौतिकज्ञ यांना या आघात-कल्पनेविषयी काय वाटते याची पाहणी ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात छापली. देश बदलला, विषय बदलला, की मतांचे प्रमाणही बदलत होते. खडक सर्वांसाठी एकच, लेखही सर्वांनी वाचलेले. पण माणूस कोणत्या देशात आणि कोणत्या विषयात वाढला यावरून त्याच्या मताचा अंदाज बांधता येत होता. संगतीचा परिणाम म्हणतात तो हाच. भौतिकशास्त्रज्ञाला अचूक मोजमाप पटते, जीवाश्मतज्ज्ञाला थरांतून दिसणारा हळूहळू झालेला बदल पटतो. दोघेही प्रामाणिक, पण पुरावा कशाला म्हणायचे हे ज्याने त्याने आपल्या गुरूघरी शिकलेले.

वादात कडवटपणाही आला. लुई अल्वारेझ हे १९६८ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळालेले. १९८८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’शी बोलताना त्यांनी जीवाश्मतज्ज्ञांची तुलना तिकिटे जमवणाऱ्यांशी केली. नोबेल विजेत्याने असे म्हटल्यावर एखाद्या नवख्या संशोधकाला उलट मत मांडणे सोपे गेले असेल काय, हे वाचकांनीच ठरवावे.

एकेचाळीस सह्या

मेक्सिकोत चिक्शुलूब येथे गाडले गेलेले सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे विवर १९९१ मध्ये या आघाताशी जोडले गेले आणि पारडे फिरले. २०१० च्या मार्चमध्ये पीटर शुल्टे आणि आणखी ४० जणांनी मिळून ‘सायन्स’मध्ये आढावा लिहिला. चिक्शुलूबचा आघात हेच विनाशाचे कारण, दख्खनचा ज्वालामुखी नव्हे, असा त्याचा निर्वाळा होता. दोनच महिन्यांनी त्याच साप्ताहिकात डेव्हिड आर्चिबाल्ड व सहकारी, कुर्तिय्यो व फ्ल्युतो, आणि गेर्टा केलर व सहकारी यांची विरोधाची पत्रे छापून आली.

या आढाव्यातील पुराव्याबद्दल आम्हाला आदर आहे. आमची हरकत दोन गोष्टींना आहे. पहिली म्हणजे त्यात दोन विधाने एका गाठोड्यात बांधली गेली. ‘आघात झाला’ हे एक विधान. त्याला इरिडियम, धक्क्याने रेघा पडलेले गारेचे कण, वितळून उडालेले काचेचे गोळे आणि खुद्द विवर असे चार वेगवेगळ्या वाटांनी आलेले आणि वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी तपासलेले पुरावे आहेत. ‘आघातानेच सारे संपवले, दख्खनचा वाटा नाही’ हे दुसरे विधान. त्यासाठी उद्रेकाचे वेळापत्रक हजारो वर्षांच्या बारकाव्याने माहीत हवे होते, आणि २०१० साली ते तसे माहीत नव्हते. पहिल्या विधानाची खात्री दुसऱ्याला उसनी दिली गेली.

दुसरी हरकत सह्यांच्या संख्येला. ४१ तज्ज्ञ म्हणताच वाचकावर वजन पडते. पण त्यांतील अनेकजण आघाताच्याच खुणांवर वर्षानुवर्षे काम करणारे, एकमेकांचे लेख तपासणारे, एकाच परिषदांत भेटणारे होते. ४१ सह्या म्हणजे गाल्टनच्या ४१ चिठ्ठ्या नव्हेत. हाच आक्षेप विरोधी पत्रांवर सह्या करणाऱ्यांनाही लागू आहे. सह्या मोजून सह्यांना उत्तर देता येते, प्रश्न मात्र सुटत नाही.

दोन घड्याळे

प्रश्न पुढे सरकला तो मोजमापाने. आणि त्यातला काही भाग आपल्याकडे झाला. अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेतील नरेंद्र भांडारी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये कच्छमधील अंजार येथे दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात इरिडियमचा थर सापडल्याचे जाहीर केले. त्याचा अर्थ त्यांनी असा लावला, की आकाशातून धूळ पडली तेव्हा दख्खनचा उद्रेक आधीच सुरू झालेला होता.

मग २२ फेब्रुवारी २०१९ रोजी ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन लेख आले. ब्लेअर शोन यांच्या गटाने लाव्हाथरांच्या मधल्या राखेतील झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक घेऊन युरेनियमचे शिसे किती झाले ते मोजले. या गटात अमरावती विद्यापीठाचे सय्यद खाद्री होते. कोर्टनी स्प्रेन आणि पॉल रेने यांच्या गटाने खुद्द लाव्हातील फेल्डस्पार घेऊन पोटॅशियमपासून झालेला अरगॉन मोजला. त्यांच्या गटात मुंबईच्या आय. आय. टी.चे कांचन पांडे होते. खनिज वेगळे, मूलद्रव्य वेगळे, प्रयोगशाळा वेगळी. म्हणजे खरोखरच दोन स्वतंत्र साक्षीदार.

त्यांनी काय सांगितले? उद्रेकाचा बहुतेक भाग दहा लाख वर्षांच्या आत उरकला यावर दोघांचे एकमत झाले. या एकमताला आम्ही मान देतो, कारण ते दोन वेगळ्या घड्याळांचे आहे. पण किती लाव्हा विनाशाच्या आधी आणि किती नंतर, यावर मतभेद राहिला. शोन गटाला चार मोठे झटके दिसले आणि त्यांतला एक विनाशाच्या काही दहा हजार वर्षे आधी सुरू झालेला वाटला. स्प्रेन गटाच्या हिशेबाने सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा विनाशानंतर बाहेर आला. २०२० मध्ये पिंचेली हल आणि सहकाऱ्यांनी समुद्रतळाच्या गाळातून त्या काळचे तापमान काढले आणि आघाताच्या बाजूने कौल दिला. आज बहुसंख्य संशोधक आघाताला मुख्य कारण मानतात. दख्खनचा वाटा किती, यावर अजून काम चालू आहे.

हा मतभेद विज्ञानाला कमीपणा आणत नाही. कोठे एकमत आहे, कोठे नाही आणि का नाही, हे दोन्ही गटांनी आकड्यांत सांगितले. पाठ्यपुस्तकातल्या वाक्यात हेच यायला हवे.

शेजारच्या लोणारची साक्ष

संगतीत एक मोठे नाव असले तर काय होते, याचे उदाहरण जळगावला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. एकोणिसाव्या शतकापासून अनेक भूशास्त्रज्ञ ते ज्वालामुखीचे मानत. अमेरिकेचे नामवंत भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९१ मध्ये ॲरिझोनातील एका विवराची पाहणी केली. आत उल्केचा गोळा पुरलेला असेल तर चुंबकसूची हलेल आणि कडेची माती खड्ड्यात मावणार नाही, असा त्यांचा तर्क होता. दोन्ही कसोट्यांचे उत्तर नकारार्थी आले. १८९६ च्या लेखात त्यांनी ते विवर वाफेच्या स्फोटाचे ठरवले, आणि तसेच दुसरे विवर म्हणून लोणारचे नाव घेतले.

मोजमाप चोख होते, गृहीतक चुकले होते. प्रचंड वेगाने आदळणारी उल्का बहुतांशी वाफ होऊन जाते. पुरलेला गोळा शिल्लक राहतच नाही. पण गिल्बर्ट यांचा शब्द एवढा मोठा, की पुढे अनेक दशके फार थोड्या भूशास्त्रज्ञांनी तो प्रश्न उकरून काढला. १९६० मध्ये ॲरिझोनाच्या विवरात कोएसाइट हे प्रचंड दाबाखालीच बनणारे खनिज सापडले. १९७३ मध्ये फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी लोणारच्या खडकातही आघाताच्या धक्क्याने बनलेली काच दाखवली. दोन्ही विवरे सारखी आहेत हे गिल्बर्ट यांचे म्हणणे खरे ठरले, मात्र नेमके उलट्या अर्थाने.

आणि आजही लोणारचे वय विचाराल तर एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे येते आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अरगॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. ‘शास्त्रज्ञांचे मत’ यांतले कोणते म्हणायचे?

दुसऱ्या बाजूचा खड्डा

एवढे वाचून कोणी म्हणेल, ‘म्हणजे एकमत हा सगळा टोळीचाच मामला. मग लसीबद्दल, हवामानबदलाबद्दल तरी शास्त्रज्ञांचे का ऐकायचे?’ हा निष्कर्ष घाईचा आहे. पृथ्वी तापते आहे हे जमिनीवरचे तापमापक सांगतात, समुद्रातले सांगतात, वितळणाऱ्या हिमनद्या सांगतात, वाढती समुद्रपातळी सांगते आणि उपग्रहही सांगतात. हे साक्षीदार एका परिषदेत भेटून ठरवून बोललेले नाहीत. तेथे एकमतावर विसंबणे शहाणपणाचे आहे. संगतीचा परिणाम ओळखायला शिकायचे ते कोणाचेच ऐकू नये म्हणून नव्हे. कोणाचे किती ऐकावे हे कळावे म्हणून.

वर्गात काय करावे

यासाठी खर्च नाही. केळीचा एक आख्खा घड शाळेत आणा. आपल्याकडे तो मिळणे कठीण नाही. घडात केळी किती, हे प्रत्येक विद्यार्थ्याने न बोलता चिठ्ठीवर लिहावे. दुसऱ्या तुकडीत तोच प्रश्न मोठ्याने विचारा, आणि पहिले उत्तर वर्गातल्या सर्वांत हुशार समजल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याकडून घ्या. मग एकेका फणीवरची केळी मोजून खरा आकडा काढा. दोन्ही तुकड्यांचे अंदाज चढत्या क्रमाने फळ्यावर मांडा. मधला अंदाज कोणत्या तुकडीचा जवळ आला? सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या अंदाजातले अंतर कोणत्या तुकडीत कमी आहे? अंतर कमी झाले म्हणून उत्तर बरोबर आले का? निकाल काहीही लागो, चर्चा होऊ द्या.

नंतर ‘शास्त्रज्ञांचे असे मत आहे’ असे वाक्य पुस्तकात येईल तेव्हा चार प्रश्न विचारण्याची सवय लावा. या मताला किती स्वतंत्र वाटांनी पोचता येते? विरोध कोणी केला, आणि त्याला मोजमापाने उत्तर मिळाले की दरडावणीने? काय सापडले तर हे मत बदलावे लागेल? आणि मत नेमके कोणत्या विधानावर आहे, कोणत्यावर नाही?

वरच्या वर्गाची सहल धुळ्याच्या बाजूला गेली, तर एखाद्या काळ्या भिंतीपाशी थांबा. तिची रुंदी पावलांनी मोजायला सांगा, दगड भिंगाखाली पाहायला सांगा, आणि जे दिसले ते प्रत्येकाला आपापल्या वहीत आधी लिहू द्या. शेजाऱ्याशी बोलणे त्यानंतर.